सतरा नंबर

आवाज आधी तिच्या पायांना कळला. रविवारची सकाळ होती. कल्याणच्या मुरबाड रोडवर कडेच्या भाजीवालीपुढे वाकून प्रेमा शेपूची जुडी निवडत होती, आणि चपलांच्या तळातून काहीतरी वर चढलं, पोटऱ्यांत घुमलं आणि दुखऱ्या गुडघ्यांत येऊन बसलं. कानांपर्यंत आवाज नंतर आला. तोवर ती सरळ उभी राहिली होती. सिग्नलला रिक्षांची रांग लागली होती आणि त्या रांगेच्या मधोमध एक निळी फियाट गुरगुरत उभी होती, जमिनीला पोट टेकलंय की काय असं वाटावं इतकी बुटकी. कमरेवरून पांढरा पट्टा. दारावर पांढरं वर्तुळ. वर्तुळात काळा सतरा. बाइकवरच्या पोरांनी मोबाइल वर धरले होते. एक रिक्षावाला मान बाहेर काढून आतल्या गॉगलवाल्याला विचारत होता, "कुठलं मॉडेल हो शेठ?" सिग्नल सुटला, फियाटनं एकदा घसा खाकरला आणि ती शहाडच्या पुलाकडे निघून गेली. "मावशी, शेपू घेताय ना?" भाजीवाली म्हणाली. प्रेमानं जुडी परत ठेवली. ती गाडी मेलेली होती. मरून चाळीस वर्षं उलटून गेली होती. प्रेमाच्या नवऱ्याला घेऊन मेली होती.

घाबरायला हवं होतं, असं तिला घरचा जिना चढताना वाटलं. मेलेलं माणूस भर बाजारात समोर आलं तर माणसाला कापरं भरतं. तिला कापरं भरलं नव्हतं. राग आला होता, आणि तो नेमका कुणावर हे कळत नसल्यामुळे कोंडलेल्या जनावरासारखा अंगभर फिरत होता. माझं मेलेलं कोणी उठवलं? कुणाला विचारून? प्रणितनं दार उघडलं. मुलगा बँकेत होता, कानशिलांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते, आणि बापाला तो एका फोटोपुरता आणि एका शब्दापुरता ओळखत होता. फोटो भिंतीवर होता. शब्द मुरबाडच्या शाळेत पोरांनी त्याला दिला होता: चोराचा पोर. त्या शब्दापायीच प्रेमानं मुरबाड सोडलं होतं, कल्याणला येऊन बालवाडीत लागली होती, आणि दुसऱ्यांच्या पोरांना गाणी शिकवता शिकवता म्हातारी झाली होती. "भाजी?" प्रणितनं विचारलं. "नाय मिळाली," ती म्हणाली आणि ओट्याशी जाऊन उगाच गॅस पुसत राहिली.

मुरबाडला भातगिरणीच्या मागे पत्र्याची शेड होती. गिरणी मोटाशेठची. मोटाशेठ राहायचा मुंबईला, पण त्याला गाड्या पळवायचा नाद होता आणि मुंबईत शेजारी आवाजाची तक्रार करायचे, म्हणून नाद मुरबाडला आणून ठेवलेला. तीन फियाट होत्या. एक पांढरी, एक हिरवी, एक निळी. साध्या, कुटुंब घेऊन देवाला जाणाऱ्या गाड्या. मुंबईच्या टॅक्सी गॅरेजात हात काळे केलेला प्रेमाचा नवरा रघू त्या शेडमध्ये आला आणि त्यानं तिघींचा संसार मोडून टाकला. मागची सीट काढली, सतरंजी काढली, हॉर्न काढला, काचा काढून तिथे प्लास्टिक बसवलं. एकाच्या जागी दोन कार्बोरेटर आले. धुराची नळी सरळ करून टाकली, आणि गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून आत पाण्याच्या पाइपांचा पिंजरा वाकवून जोडला. "जड ते काढायचं, जळतं ते वाढवायचं, झाली रेसची गाडी," तो म्हणायचा. नवी नवरी प्रेमा डबा घेऊन जायची आणि दारात उभी राहून बघायची, कारण आत पाय ठेवायला जागा नसायची. पेट्रोलचा वास तिच्या पदराला लागायचा. सासू पदर हुंगून म्हणायची, "नवऱ्याकडं गेलीस का पंपावर?" वर्षातून एकदा तिन्ही गाड्या ट्रकवर चढून मद्रासकडे जायच्या. तिथे विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. रघू सतरा नंबर चालवायचा. परत आला की त्याच्या मानेवर उन्हाचा पट्टा असायचा आणि दोन दिवस तो जरा मोठ्यानं बोलायचा, कारण कान अजून तिकडेच असायचे. कप मोटाशेठच्या दिवाणखान्यात जायचा.

आणि एका दुपारी, टोकावड्याच्या रस्त्यावर चिटपाखरू नसताना, रघूनं तिला सतरामध्ये बसवलं होतं. शेजारी सीट नव्हती, म्हणून तो तुपाचा डबा पालथा घालून त्यावर पाइप धरून बसला. तिनं साडी गुडघ्यात खोचली होती. क्लच इतका कडक होता की तिला वाटलं आपण पायानं उखळच ढकलतोय. मग गाडी सुटली. ती सुटणं तिच्या पाठीच्या कण्यात अजून होतं, सासरच्या कितीतरी गोष्टी विसरल्या तरी ते होतं: पाठ मागे ओढली जाते आणि पोट पुढे राहतं, आणि मधल्या त्या पोकळीत आपण कुणाचे कुणी नसतो. शेतातल्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नंतर बरेचदा ती चालवायला गेली. गावात बोलणं झालं. सासू म्हणाली, बाईनं नांगर धरला तर पाऊस रुसतो, ही तर मोटार हाकते, आता काय आभाळ फाटेल का? आभाळ फाटलं नाही. त्या वर्षी भात चांगलं झालं आणि सासू गप्प बसली. एकदा मोरी ओलांडून गाडी थांबवली तेव्हा रघू बॉनेटवर हात ठेवून म्हणाला होता, "एक दिवस हिला घेऊन मी जानार बघ. नाशिक, धुळं, इंदूर. थांबनारच नाय." ती हसत म्हणाली, "आनि मी?" तो म्हणाला, "तुला बसायला सीट कुठंय?" दोघंही हसले होते. तेव्हा ती थट्टा होती. पुढे ती थट्टा काट्यासारखी आत राहिली, मांस वाढून तिच्यावर बंद झालं, आणि थंडीच्या दिवसांत ती ठणकायची. कारण प्रणित रांगत असताना, ती बाळाला घेऊन शेणव्याला माहेरी गेलेली असताना, रघू खरंच सतरा घेऊन नाशिकच्या रस्त्याला लागला आणि उंबरमाळीच्या पलीकडे दरीत गेला. मोटाशेठनं पोलिसांना सांगितलं, गाडी न विचारता नेली, दारू पिऊन होता. गाडीचं काय झालं विचारलं तर कुणीतरी म्हणालं, काय राहिलं नाय. तिनं प्रेत पाहिलं. जागा पाहिली नाही. चोरीवर तिचा विश्वास नव्हता, दारूवरही फारसा नव्हता. पण तो आपल्याला टाकून निघाला होता का, हे तिनं कुणाला विचारलं नाही, स्वतःलाही नाही. त्या उत्तराच्या भीतीनंच ती उंबरमाळीला कधी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रणित बँकेत गेल्यावर तिनं मुरबाडची एसटी पकडली. शेडच्या जागी मोबाइलची दुकानं झाली होती. पण चांगो पेंटर होता. त्यानंच तिन्ही गाड्या रंगवल्या होत्या आणि नंबर घातले होते. आता तो अंगणात खाटेवर बसून असायचा, हात थरथरायचे, डोळे मात्र शाबूत. "प्रेमा? रघूची?" त्यानं तिला ओळखलं, आणि ती काही बोलायच्या आत म्हणाला, "सतरा बघितलीस ना? मीबी बघितली. परवा हितूनच गेली. माजा कपातला च्या सांडला."

"ती कुठली आली, चांगोभाऊ?"

"मोटाशेठचा नातू हरेश. शेणव्याच्या अंगाला त्याचं फार्महाऊस हाय. त्याची गाडी."

"आपलीच हाय?"

चांगोनं खांदे उडवले. "मी कसं सांगू गो? बाकीच्या दोघींचं सांगतो." पांढरी मुंबईला गेली, काळी-पिवळी टॅक्सी झाली. तिच्या पोटात जोर इतका होता की ड्रायव्हर तिला हात लावायला भ्यायचे, एकजण तर रोज चाकाला नारळ दाखवायचा. पुढे म्हातारी झाली तेव्हा कुर्ल्याला कापली. हिरवी सरळगावच्या एका बागायतदारानं वरातींना द्यायला घेतली, आवाजानं घोडे बुजायला लागले तेव्हा तशीच उभी करून ठेवली. "अजून हाय. बघून ये."

ती बघून आली. सरळगावला जांभळीच्या झाडाखाली हिरवी उभी होती, चाकं मातीत गेलेली, दारांना जाळी मारलेली, आणि आत कोंबड्या. मागची सीट रघूनं काढली होती तिथे गवत टाकलेलं होतं आणि एक तांबडी कोंबडी पाइपांच्या पिंजऱ्याखाली अंडी उबवत बसली होती. पिंजरा भक्कम होता. प्रेमानं जाळीतून बोट घालून पाइपाचा जोड चाचपला, तो खडबडीत वळ तिच्या बोटाला ओळखीचा वाटला, आणि तिला हसू आलं. वाईट काहीच वाटलं नाही. ही म्हातारपणी कामाला आली होती. पांढरी कापली गेली, तिचंही सरळ होतं. गाड्यांनाही मरण असतं, कुणाला कुर्ला, कुणाला जांभळीची सावली. मग सतरालाच का नसावं?

त्या आठवड्यात हरेश स्वतः घरी आला. चांगोकडून त्याला पत्ता मिळाला होता. गोरा, चाळिशीचा, दारात चपला काढून वाकून नमस्कार करणारा. हातात फळांची टोपली. तिला तो वाईट वाटला नाही आणि त्यामुळे जास्तच अवघडायला झालं. तो गाडीबद्दल बोलायला लागला की त्याच्या डोळ्यांत तेच यायचं जे रघूच्या डोळ्यांत यायचं. लहानपणी आजोबांच्या दिवाणखान्यात त्या शर्यतींचे फोटो बघून तो झोपायचा. आजोबा सांगायचे, आमचा मेकॅनिक दारू पिऊन गाडी पळवून घेऊन गेला. "मला नाशिकला एका भंगारवाल्याकडे सांगाडा मिळाला, मावशी. पाइपांचा पिंजरा असलेला. मी म्हटलं हीच. तीन वर्षं घातली तिच्यावर." महिनाअखेरीस फार्महाऊसवर जुन्या गाड्यांचा मेळावा होता. मुंबई-पुण्याहून जाणकार येणार होते. त्यांना साक्ष हवी होती, की ही मूळची सतरा नंबर. "तुमच्याइतकं कोण सांगणार? तुम्ही फक्त म्हणायचं, हो, हीच. आणि गाडीपुढच्या फलकावर मेकॅनिकनं चोरून नेली असं लिहिलंय, ते मी काढून टाकतो. काकांचं नाव घालतो, मोठ्या अक्षरांत. रघुनाथ यांनी बांधली आणि चालवली."

प्रणित बसल्या जागी ताठ झाला. एवढा मोठा बाप्या माणूस, पण त्याचा खालचा ओठ लहानपणी शाळेतून आल्यावर व्हायचा तसा झाला होता. हरेश गेल्यावर तो खिडकीशी उभा राहिला आणि पाठमोराच म्हणाला, "आई, एकदा हो म्हण. एवढंच. गाडी कुठली का असेना. मी तिथं उभा राहून बाबांचं नाव वाचीन, आणि मला दुसरं काय नको." तिनं त्याच्या पाठीकडे पाहिलं. त्याच्या पाठीवरून शाळेच्या दप्तराचे पट्टे अजून गेलेले नव्हते असं तिला वाटलं. हो म्हणणं किती सोपं होतं. एक अक्षर. त्या अक्षरानं पोराचं अख्खं बालपण धुऊन निघणार होतं. आणि तरी तिच्या तोंडात ते अक्षर फिरेना, खडा लागलेल्या घासासारखं अडकलं. "बघू," ती म्हणाली, आणि तिच्या ध्यानात आलं की आता उंबरमाळीला गेल्यावाचून सुटका नाही.

भर दुपारी ती उंबरमाळीच्या थांब्यावर उतरली. गाडी कसाऱ्याकडे गेली आणि मागे एकदम इतकी शांतता झाली की तिला आपल्या बांगड्या ऐकू आल्या. डोंगर पिवळे पडले होते. थांब्याशी मोळी उतरवून बसलेल्या एका बाईला तिनं विचारलं, दरीत पडलेल्या निळ्या गाडीचं काही ठावं आहे का. बाईनं हात वर करून पाडा दाखवला. "भिमीकडं जा. तिच्या शेळ्यांच्या दाराला बघ." चढणीवर गुडघ्यांनी तिला शिव्या घातल्या, तिनं गुडघ्यांना घातल्या. आणि पाड्याच्या टोकाला, कुडाच्या गोठ्याला, फाटकाच्या जागी तारेनं बांधलेलं एक पत्र्याचं दार होतं. निळं होतं हे ठाऊक असलेल्यालाच निळं दिसलं असतं. मधे वर्तुळ होतं. एकचा आकडा पुरता होता, सातचा वरचा दांडा राहिला होता. प्रेमा त्या दारापुढे जमिनीवरच बसली. आतून एका शेळीनं तिच्याकडे पाहिलं.

भिमी म्हातारी बाहेर आली. कंबरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. कोण, कुठली, विचारून झाल्यावर तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि समोर उकिडवी बसली. "तुजा नवरा व्हय तो? मीच काढला त्याला. मी आन माजा बाप. कुऱ्हाडीनं पत्रा वाकवला. जित्ता व्हता."

"जिवंत होता?"

"व्हता ना. पानी पाजला मी. लई शिव्या देत व्हता." भिमीनं तोंडावर हात ठेवला, पण डोळे हसले. "बिरेकाला शिव्या. म्हने शेठला सांगितला व्हता, बिरेक धरत नाय, घाटातनं नगं. तरी शेठ बोलला, नाशिकला गिराइक थांबलंय, आजच ने. आसं बोलला आन मंग बोलायचा थांबला."

प्रेमानं तांब्या खाली ठेवला. तिला विचारायचं होतं ते तोंडाशी आलं आणि मागे फिरलं, पुन्हा आलं. "दारू प्यायला व्हता?"

"कोन बोलतो?" भिमी एकदम उसळली. "मोहाची आमी पाडतो गो. आमाला वास कळत नाय? माज्या मांडीवर डोका व्हता त्याचा. त्याला वास येत व्हता त्यो पेटरोलचा."

"मग पोलिसांना बोलली नाय तुमी?"

"आमाला कोन ईचारतो? हवालदार आला, कोंबडा घेऊन गेला."

मग भिमीनं तिला सगळं हिंडून दाखवलं. बॉनेटची पाणी प्यायची कुंडी झाली होती. छताचा पत्रा पलीकडच्या झोपडीवर होता, पावसाळ्यात तिथं गळत नाही म्हणे. पिंजऱ्याचे पाइप कुणी मांडवाला लावले होते आणि त्यावर वालाचा वेल चढला होता. सतरा नंबर अख्ख्या पाड्यात वाटली गेली होती. आणि भिमीच्या पडवीत, भिंतीला टेकून, दोन सीटा होत्या. रेक्झिन केव्हाच गेलेलं, लोखंडाच्या चौकटीवर वाखाची दोरी विणलेली. "दोन?" प्रेमानं विचारलं. "दोनच निघाल्या. येक ही, येक ही." सतरामध्ये एकच सीट होती. दुसरी कुणी बसवली? नाशिकच्या गिऱ्हाइकासाठी बसवली असेल. गिऱ्हाइकाला कुटुंब असेल, त्याला शेजारी सीट हवी असेल, शेठनं सांगितलं असेल. किंवा रघूनं आपल्या मनानं बसवली असेल. मुरबाडहून नाशिकला जाताना शहापूर लागतं, आणि शहापूरहून शेणवं काही लांब नाही, आणि शेणव्याला कोण होतं? पण तो शेणव्याकडे वळला नव्हता, हेही खरं. ब्रेक धरत नसलेल्या गाडीत तान्ह्या पोराला आणि बायकोला कोण बसवेल? हे सांगायला आता कुणी नव्हतं. ती वाकली, गुडघे कुरकुरले, आणि ती डाव्या बाजूच्या सीटवर बसली. दोरी थोडी खचली, पण तिनं प्रेमाला धरून ठेवलं. समोर दरी होती. मोहाच्या झाडांवरून वारा वर येत होता. माझी आहे, तिनं ठरवलं. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे, ही माझी सीट आहे. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती रघूसाठी रडली. आजवर ती स्वतःसाठीच रडत होती. भिमीनं तिला रडू दिलं आणि शेळ्या सोडायला गेली.

मेळाव्याला ती प्रणितबरोबर गेली. कडक इस्त्रीची साडी, केसात अबोली. प्रणितला वाटलं आई हो म्हणणार, त्यानं नवा शर्ट घातला होता. फार्महाऊसच्या हिरवळीवर गाड्या ओळीनं उभ्या होत्या, पुसून पुसून आरशासारख्या केलेल्या, आणि माणसं त्यांच्याभोवती लग्नात फिरतात तशी सरबत घेऊन फिरत होती. निळ्या फियाटपुढे फलक होता. त्यावर रघूचं नाव खरंच मोठ्या अक्षरांत होतं. प्रणित त्या अक्षरांपुढे उभा राहिला आणि हलेना. प्रेमानं गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला. गार होतं, गुळगुळीत होतं, छान होतं. हरेशनं माइकवरून तिची ओळख करून दिली, टाळ्या झाल्या, आणि माइक तिच्या हातात आला.

"माझ्या नवऱ्याचं नाव रघुनाथ," ती म्हणाली. आजवर चारचौघांत तिनं ते नाव घेतलं नव्हतं, उखाण्यातसुद्धा आडून घेतलं होतं. "त्यानं सतरा नंबर बांधली, त्यानंच चालवली. मीबी चालवली. पन ती ही नाय. सतरा नंबर उंबरमाळीच्या दरीत मेली. तिचं दार तिथं शेळ्यांना हाय, मी आठ दिवसांमागं हात लावून आले. ब्रेक धरत नव्हता. त्यानं शेठला सांगितलं व्हतं. शेठनं तरी पाठवला, आनि मेल्यावर दारुडा म्हनला, चोर म्हनला. दारू नव्हती. ज्या बाईच्या मांडीवर त्यानं जीव सोडला तिनं मला सांगितलं."

माइक बंद झाला. कुणी केला कळलं नाही. पण तिचं सगळं आयुष्य बालवाडीत गेलं होतं. पन्नास पोरांच्या गोंगाटावरून पलीकडच्या भिंतीला पोचणारा आवाज तिच्याकडे होता, आणि तो तिनं आता काढला. "हे पोर मला बोललं, ही वाचली म्हना, रघुनाथचं नाव घालतो. ही वाचली म्हनू, तर तो कशात मेला? सांगा ना. कशात मेला तो?"

सरबताचे पेले तसेच हातांत राहिले. हरेश तिच्याजवळ आला, चेहरा लाल झालेला, आवाज मात्र खाली. "मावशी, आजोबा गेले. ते उत्तर द्यायला नाहीत."

"माझाबी नाय."

"मग काय करू मी? गाडी जाळून टाकू?"

"गाडीचा काय दोष रे? चांगली बांधलीयस. तिला तिचं नाव दे, आनि पळव. पन सतरा म्हनून उभी करशील, तिथं मी येनार. ठाण्याला कर, पुन्याला कर. मी येनार, बाजूला उभी राहनार आनि सांगनार. मला दुसरं काम नाय आता."

"तुम्हाला आत सोडलं नाही तर?"

"तर फाटकाशी सांगनार."

परतीच्या वाटेवर प्रणित समोर बघत गाडी चालवत होता. त्याच्या हातात आलेलं नाव तिनं हिसकावून घेतलं होतं, त्याचा राग त्याच्या मानेच्या शिरेत दिसत होता आणि तो राग तिला मान्य होता. शहापूर मागे पडलं, वासिंद आलं. तिथे त्यानं गाडीचा वेग कमी केला. "वास नव्हता ना?" त्यानं विचारलं.

"कसला?"

"दारूचा."

"नाय. पेट्रोलचा व्हता."

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग एका हातानं नव्या शर्टाचं वरचं बटण सोडलं. पडघ्याच्या पुढे गेल्यावर म्हणाला, "मला न्यायचंस तिथं." "नेईन की," ती म्हणाली.

हरेशनं गाडी ठाण्याला नेली, सतरा नंबरच घालून. ती गेली. मैदानात उभी राहून जो येईल त्याला सांगत राहिली. बरेचजण हसले. काहींनी तिचाच फोटो काढला, एका गृहस्थानं हरेशला विचारलं, ही बाई तुमच्यातली का? पुढच्या खेपेला पुण्याला होतं, तिथे प्रणितनं सुट्टी काढून तिला नेलं आणि तासभर गाडीच्या दुसऱ्या बाजूला तोही उभा राहिला. बँकेतला माणूस, लोकांशी बोलायची सवय असलेला, पण बापाबद्दल बोलताना अडखळायचा. दुसऱ्या की तिसऱ्या माणसाला सांगताना त्याचं अडखळणं थांबलं, हे तिनं गाडीच्या टपापलीकडून ऐकलं. तिचे पाय संध्याकाळपर्यंत सुजायचे. शेजारीण सोमी म्हणाली, या वयात कशाला हे नसते उपद्व्याप, त्यापेक्षा भजनाला ये. प्रेमा म्हणाली, "हेच माझं भजन."

मग उन्हाळ्याच्या तोंडावर कल्याणलाच मेळावा भरला, तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ती पोचली तेव्हा माणसं नुकती यायला लागली होती. निळी फियाट कोपऱ्यात उभी होती. फलक नव्हता. नंबर होता, वर्तुळ होतं, पण ज्या लोखंडी स्टँडवर फलक असायचा तो रिकामा होता, आणि त्याच्या शेजारी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती. हरेश लांब दुसऱ्या कुणाच्या तरी इंजिनात वाकला होता. तिनं पाहिलं तसं त्यानं मान वर केली, आणि पुन्हा इंजिनात घातली. प्रेमा जरा वेळ खुर्चीकडे बघत राहिली. त्यानं ठेवलेली जागा उन्हात होती. तिनं खुर्ची पाठीला धरून उचलली, गाडीच्या पलीकडे सावलीत, तिला हवी तिथे नेली, आणि ऐसपैस बसली. दोन वेण्यांची एक मुलगी आईचा हात सोडून पुढे आली, दारावरच्या आकड्याला बोट लावून तिनं विचारलं, "आजी, ही तुमची गाडी?"

"नाय गो," प्रेमा म्हणाली. "माझी मेली. ये, बस, सांगते."